अध्यक्षांमार्फत

"आई, बाबांना म्हणावं मीठ जरा इकडे सरकवा," पंकज म्हणाला, आणि हातातला घास हातातच राहिला.

वरण अळणी झालं होतं. त्यानेच केलं होतं. हळद आठवणीने घातली होती, मीठ विसरला होता. मिठाची बरणी वामनरावांच्या ताटाशी होती. हात लांब केला असता तर त्याची त्यालाच घेता आली असती. पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं, आणि टेबलाच्या ज्या टोकाकडे ते गेलं तिथे कोणी नव्हतं. तिथली खुर्ची आत सरकवलेली होती, तिच्या पाठीवर आईचा गॅसजवळचा नॅपकिन तसाच लटकत होता. वामनरावांनी मान वर केली नाही. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीने मांडीवर दोन बारीक रेघा ओढल्या, एक वळण घेतलं आणि ती थांबली. कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य असं बोटाने लघुलिपीत उतरवायची त्यांना सवय होती; उजवा हात ताटात असला की ते काम डावा करायचा. म्हणजे ऐकू आलं होतं. तरी बरणी हलली नाही. ऐकू येणं आणि पोचणं या त्या घरात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि पोचवणारी जाऊन आता महिना होत आला होता. मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमचा खटखटाट भिंतीतून येत राहिला. दोघांनी अळणी वरण-भात संपवला.

ताटं घासताना पंकजला वाटलं, ही चूक जगात दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. मेलेल्या माणसाला हाक मारणारे पुष्कळ असतील. पण मेलेल्या माणसाकरवी समोर बसलेल्या माणसाला निरोप देणारे फक्त आपण. आणि यात काही चमत्कारिक आहे हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं.

सुरुवात गमतीत झाली होती. वामनराव भोपाळला विधानसभेत प्रतिवेदक होते. सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं, तिथे बसून सदस्य जे बोलतील ते उतरवायचं. पाच मिनिटं झाली की दुसरा येऊन बसतो, मग आपण आत जाऊन ते टंकायचं. त्यामुळे त्यांच्याकडे कुठल्याच चर्चेची सुरुवात नसे, शेवट नसे, मधले तुकडे असत. अधिवेशन उठलं की ते तुकडे घेऊन ते बुऱ्हाणपूरला यायचे, शनवाऱ्यातल्या या घरात, आणि मुलांना सांगायचे. पंकज आणि धाकटी प्राजक्ता जेवायला बसले की भांडायचे. एका सुट्टीत वामनरावांनी पाण्याचा पेला टेबलावर आपटला आणि म्हणाले, "सदनात कोणी कोणाशी बोलत नाही. जे काय म्हणायचं ते अध्यक्षांना, तिकडे बघून. समोरच्याला 'तू गाढव आहेस' असं म्हणता येत नाही. 'अध्यक्ष महोदय, माननीय सदस्य गाढव आहेत' असं म्हणावं लागतं."

"मग ते चालतं?" प्राजक्ताने विचारलं.

"तेही चालत नाही. पण तोवर राग अर्धा होतो."

अध्यक्ष कोण, याला मतदान लागलं नाही. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती, तिने न वळता लाटणं पोळपाटावर आपटलं आणि म्हणाली, "शांत रहिए! आधी भाजी संपवा." झालं. त्या दिवसापासून ते घर सदन झालं. वामनरावांकडे नियम न संपणारे होते. अध्यक्ष उभे राहिले की बाकी सगळ्यांनी खाली बसायचं. आणि आई तर जेवणभर उभीच असायची, त्यामुळे शेवटची पोळी पानात पडेपर्यंत कोणाला उठता येत नसे. वाईट शब्द गेला तर अध्यक्ष तो कार्यवाहीतून काढून टाकू शकतात. छापील प्रतीत तिथे नुसत्या फुल्या येतात. अध्यक्षांना स्वतःचं मत नसतं. आणि फार दिवस गैरहजर राहायचं असेल तर सदनाची परवानगी लागते, नाहीतर जागा रिकामी झाली असं समजतात. पंकज शाळेच्या शिबिराला असीरगडला निघाला तेव्हा त्याला उभं राहून अर्ज वाचावा लागला होता. आईने लाटणं वर करून विचारलं, "सदन अनुमती देतं?" आणि प्राजक्ता बाकावरून ओरडली, "नाही! बिलकुल नाही!" घरात एकटीने कसं राहायचं, या भीतीने तिचे डोळे भरून आले होते. मग आई हसली, वामनराव हसले, परवानगी मिळाली आणि बॅगेत दराब्याच्या मिठाईचा डबा आला. पुढे दर वेळी, कॉलेजच्या सहलीला, इंदूरला परीक्षेला, प्राजक्ता तेच ओरडायची. शेवटी शेवटी ती अभ्यासातून मान वर न करता ओरडायची. पण ओरडायची. त्या 'नाही'शिवाय निघालं तर काहीतरी राहिलं असं वाटायचं.

गंमत केव्हा सुकली ते पंकजला नेमकं सांगता आलं असतं, आणि म्हणूनच तो त्या आठवणीकडे फारसा जात नसे. तो वनस्पतिशास्त्र शिकून आला होता, निंबोल्याजवळच्या एका प्रयोगशाळेत लागला होता. केळीच्या कोंबाचा अगदी आतला गाभा कापून काचेच्या बाटलीत वाढवायचा, एकाची शंभर रोपं करायची, असं काम. वामनराव तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मुलाने राज्यसेवेची परीक्षा द्यावी, भोपाळला त्या इमारतीत अधिकारी म्हणून चढावं, असं त्यांच्या मनात होतं, आणि ते रोज जेवताना आईकडे बघून तसं बोलत. एका दुपारी पंकजने आईकडे बघितलं नाही. सरळ त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "तुम्ही जन्मभर दुसऱ्याचं बोलणं उतरवलंत. स्वतःचं एक वाक्य तरी बोललात का कधी?" लाटणं आपटलं. "हे कार्यवाहीतून काढलंय," आई म्हणाली. तिचा आवाज गमतीचा नव्हता. वामनराव म्हणाले, "अध्यक्षांनी काढलं म्हणजे काढलं." त्यावर त्यांनी पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. फक्त त्या दिवसापासून ते पंकजशी नियमाबाहेर बोलले नाहीत, आणि हळूहळू पंकजही. कागदावर फुल्या पडल्या म्हणून जे त्या वेळी तिथे बसले होते त्यांच्या कानांतून काही पुसलं जात नाही.

राग म्हणावा तर तोही उरला नव्हता. सोय झाली होती. प्रयोगशाळेत निर्जंतुक कपाटापुढे बसलं की उघड्या बाटलीवर बोलायचं नसतं. श्वासाबरोबर काहीतरी जातं आणि आठवड्याने आत बुरशी दिसते. पंकजला ते शांतपण आवडायचं आणि घरातलं शांतपणही तो त्याच जातीचं समजत आला होता. आईकडून गेलेलं बोलणं स्वच्छ होऊन पोचायचं. "बाबा म्हणतायत, उन्हात टोपी घालत जा." "पंकज म्हणतोय, डोळे दाखवून या." वामनराव खरंच टोपी म्हणाले होते का? का ते म्हणाले होते, 'त्याला सांग, डोकं तापलंय त्याचं'? तसं तर आपणही डोळ्यांबद्दल काही बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. आई गेल्यावर एकदा केळीच्या बागेतून स्कूटरवर येताना त्याच्या मनात आलं की इतकी वर्षं आपण ज्यांना बाबांची वाक्यं समजलो ती बहुतेक तिचीच असणार. आणि बाबांना जो मुलगा माहीत आहे तो कदाचित आपण नाहीच, तो तिने केलेला आहे. त्याने स्कूटर कडेला घेतली. केळीचे घड भरलेले ट्रक एकामागून एक गेले. धुळीने डोळे चुरचुरले म्हणून बरं झालं.

दवाखान्यात तर दोघांनी हद्दच केली होती. पलंगाच्या एका बाजूला वामनराव, दुसऱ्या बाजूला पंकज, मध्ये आई, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. "रजनी, त्याला म्हणावं घरी जाऊन जरा पड." "आई, त्यांना सांग, मी थांबतो, त्यांनीच जावं." ती एकाकडे बघायची, पापण्या मिटायची, मग दुसऱ्याकडे बघायची, पुन्हा मिटायची. निरोप पोचला असं समजून कोणीतरी एक उठायचा. आणि ज्या दुपारी मास्क काढला होता त्या दुपारी ती स्पष्ट म्हणाली, "मला आता त्या खुर्चीवरून उतरवा रे दोघं. मलाही काही बोलायचंय." दोघांनी ऐकलं. पंकजला नियम आठवला: अध्यक्षांना चर्चेत बोलायचं असेल तर आधी आसन सोडावं लागतं. तो काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात वामनराव घाईघाईने, तिच्याकडेच बघत म्हणाले, "रजनी, त्याला विचार, डॉक्टर राउंडला कधी येतात." आणि पंकजनेही तिच्याचकडे बघून उत्तर दिलं, "आई, त्यांना सांग, चार वाजता." तिने डोळे मिटले. पापण्या मिटल्या म्हणजे निरोप पोचला, असंच दोघांनी धरलं.

तिला काय बोलायचं होतं ते पंकजला कळलं नाही. पण तिला काय सांगायचं राहिलं हे त्याला माहीत होतं, कारण ते त्यानेच तिच्याकडे दिलं होतं. त्रिचीजवळच्या एका केळी संशोधन प्रयोगशाळेत त्याची निवड झाली होती. ती आजारी पडायच्या आधी त्याने तिला ओट्याशी गाठून सांगितलं, तेव्हा तिने पिठाचे हात तसेच धरून त्याच्याकडे बघितलं होतं. "लांब आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी सांगते त्यांना. वेळ बघून." वेळ बघता बघता ती गेली. आता परवाची गाडी होती. सदन विसर्जित झालं की आधी दिलेल्या सगळ्या सूचना आपोआप बाद होतात, पुन्हा नव्याने द्याव्या लागतात, असं वामनराव पूर्वी सांगायचे. नव्याने द्यायची तर कोणाकडे? न सांगता गेलं तर बाबा अडवणार नव्हते. रिकाम्या खोलीकडे बघून त्यांच्या बोटाने काहीतरी उतरवलं असतं आणि त्यानंतर दोघांमध्ये कायमचं काहीच राहिलं नसतं. म्हणून जायच्या आधी त्याला एकदा त्यांचं, खुद्द त्यांचं, एक वाक्य हवं होतं. आणि खरं सांगायचं तर कुठलंही चाललं नसतं. ते 'नको जाऊस' म्हणाले असते तर तो गेला नसता. हे त्याने स्वतःशीसुद्धा एवढ्या स्पष्ट शब्दांत अजून म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मालूबाई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, मागच्या गल्लीतले लूमही त्यांचेच. पदराने घाम पुसत त्यांनी सरळ आईची खुर्ची बाहेर ओढली आणि बसल्या. वामनरावांनी चमकून पाहिलं. आणि मग जे झालं ते इतकं सहज झालं की कोणाला थांबवता आलं नाही.

"मालूबाई," वामनराव भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "याला जरा विचारा, माळ्यावरची बॅग कशाला काढली."

"काकू, त्यांना सांगा," पंकजच्या तोंडून निघालंही, "की ती..."

मालूबाईंनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "का हो भाऊ, मी का इथं टपाल वाटून राहिली का? तुमच्या दोघांमधी दोन हात जागा नाही. बाप इथं, पोरगा इथं. बहिरे हाय का मुके हाय?"

"तसं नाही काकू."

"मंग कसं? वैनी बिचारी जिंदगीभर हेच करत राहिली का?" त्यांनी भिंतीकडे हात केला. "मला भिंतीतून ऐकू ये ना. दिवसभर तिचाच आवाज. मी सुनेला म्हणे, ही बाई किती बोलते, नवऱ्याला बोलू देत नाही, पोराला बोलू देत नाही. आत्ता समजलं. त्यातलं तिचं काहीच नव्हतं." त्या उठल्या, खुर्ची आत सरकवली, रिकामा डबा घेतला. दारात वळून म्हणाल्या, "ठेचा तिखट हाय, भाऊ. पाणी लागलं तं एकमेकांना मागजा."

दुपारी गच्चीवर जाऊन पंकजने प्राजक्ताला फोन लावला. ती लग्न होऊन खंडव्याला होती. "तू सांग ना त्यांना," तो म्हणाला. "तुझं ऐकतात."

"मी? तू घरात, ते घरात, आणि मी खंडव्यातून सांगू की दादा निघालाय?"

"एकदाच. स्पीकरवर ठेवतो."

"नाही, दादा." तिचा आवाज बदलला. "ते काम मी नाही करणार. एक बाई संपली त्यात. मला नको सांगू ते." मग तीच म्हणाली, "खुर्ची रिकामी असली तर कोण बसतं रे? बाबा सांगायचे ना."

"सगळ्यात जुना सदस्य. तात्पुरता."

"मग बघा तुमचं तुम्ही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गच्चीचा दरवाजा उघडा होता. खाली जिन्याच्या तोंडाशी वामनराव उभे असल्यासारखं त्याला वाटलं. पण तो उतरला तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

संध्याकाळी त्याने वरणात मीठ नीट घातलं, चमच्यावर घेऊन चाखलं, पुन्हा चिमूटभर घातलं. ताटं मांडली. वामनराव आतून आले. इस्त्रीचा सदरा घातला होता, केस ओले करून बसवले होते. ते आपल्या जागेशी आले, खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि पुढे गेले. आईच्या खुर्चीवरचा नॅपकिन त्यांनी काढला, चार घड्या घातल्या, टेबलावर ठेवला आणि ते तिथे बसले. दोन्ही हात टेबलावर. मग त्यांनी पंकजकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पंकजने ते डोळे समोरून पाहिले नव्हते. बुबुळांच्या कडेला एक निळसर वर्तुळ आलं होतं, म्हातारपणी येतं तसं. डोळे दाखवून या, असं कोणीतरी त्यांना खरंच सांगायला हवं होतं.

"बोलिए," ते म्हणाले. मग सुधारून, "बोला."

पंकज उभा राहिला. बोलायचं तर उभं राहायचं, हे पायांना आठवत होतं. "अध्यक्ष महोदय," तो म्हणाला. त्रिचीची नोकरी. उद्याची गाडी. आईला माहीत होतं, ती सांगणार होती. वाक्यं छोटी होती आणि एकामागून एक बाहेर येत गेली. बोलताना त्याची नजर सवयीने वामनरावांच्या बोटांकडे गेली. ती हलत नव्हती. दहाही बोटं टेबलावर शांत पडली होती. ते काही उतरवून घेत नव्हते, ऐकत होते. एवढं कळल्यावर त्याला पुढचं वाक्य म्हणायचं होतं, तुम्ही म्हणालात तर मी जाणार नाही. पण ते वाक्य बाबांसाठी होतं, आणि बाबांची खुर्ची त्याच्या डाव्या हाताला रिकामी होती. समोर अध्यक्ष होते. अध्यक्षांना मत नसतं. मुलाला आपल्याशी बोलता यावं म्हणून ते उठून त्या खुर्चीत जाऊन बसले होते, आणि तिथे बसल्याबरोबर त्यांचं स्वतःचं बोलणं संपलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं असेल का? नियम तर त्यांच्याइतके कोणाला पाठ नव्हते. का लक्षात आलं होतं म्हणूनच ते तिथे बसले होते? पंकजला ठरवता आलं नाही. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "मला गैरहजेरीची परवानगी हवी."

"किती दिवसांची?"

"ठरलेलं नाही."

"मुदत सांगावी लागते," वामनराव म्हणाले. मग हळूच, "असू दे." त्यांनी नॅपकिनची घडी सरळ केली, ती सरळच होती. "माननीय सदस्य पंकज यांनी सदनाच्या बैठकींना गैरहजर राहण्याची परवानगी मागितली आहे. सदन अनुमती देतं?"

भोपाळला हा प्रश्न आणि त्याचं उत्तर एका श्वासात होतं. अध्यक्ष विचारतात, कोणी वर बघत नाही, अनुमती दिली गेली. दोन वाक्यांमध्ये बोटाला विसावासुद्धा मिळत नाही, असं वामनरावच सांगायचे. पण आता ते थांबले. ते पंकजकडे बघत नव्हते. टेबलाच्या पलीकडे, प्राजक्ता जिथे बसायची तिकडे बघत होते; मग ओट्याकडे; मग आपल्या रोजच्या जागेकडे. लूम खटखटत होते. वरणावर पापुद्रा धरू लागला होता. ते वाट बघत होते. पंकजला कळलं ते कशाची वाट बघत होते ते, आणि तोही तीच बघत होता. पण मागणाऱ्याला आपल्याच अर्जाला विरोध करता येत नाही. आणि जो एक सदस्य 'नाही' म्हणू शकला असता, तो आपल्या जागेवरून उठून अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता.

एकदा त्यांचे ओठ हलले. पंकज पुढे वाकला.

"अनुमती देण्यात आली," वामनराव म्हणाले. आवाज सपाट होता, छापील वाचल्यासारखा. "बस आता. निवतंय सगळं."

तो बसला. वामनराव तिथेच, त्याच खुर्चीत जेवले. वरणात मीठ बरोबर पडलं होतं. कोणालाच कोणाकडे काही मागावं लागलं नाही.